बारा फळ्यांची लाइन

सखाराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत होते. त्याचा मुलगा मिलिंद मानवतहून बोलत होता. "मोठीआई, बाबा गेले सकाळी. चहा पिला, खुर्चीत बसले अन्..." मी म्हणाले, येते. फोन ठेवला, उरलेली डाळ निवडून डब्यात भरली आणि मग लुगडं बदललं. सून म्हणाली, डाळ राहू द्यायची होती ना. आता गेलेला माणूस काही डाळ पडून राहिली म्हणून परत येत नाही आणि अर्धवट निवडलेली डाळ दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून निवडावी लागते. सखाराम तिथे असता तर त्याने मलाच दुजोरा दिला असता आणि वर सुनेकडे बघून डोळा मारला असता. तो माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन पिंगळीला आले तेव्हा तो दहा वर्षांचा होता, सासू जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून ते त्याच्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. शोकसभेत जो उठला तो म्हणाला, सखाराम फार साधा माणूस. साधा नव्हता, पक्का होता. किती पक्का, ते मलाही गेल्या आठवड्यातच कळलं. ते शेवटी सांगते, कारण आधी त्याची रेल्वे सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

माझे सासरे रेल्वेत चाबीवाले होते. म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून पिंगळीपासून परभणीच्या दिशेने रुळावरून चालत जायचं, रूळ ज्या चाव्यांनी घट्ट धरलेले असतात त्या एकेका चावीवर हातोडा मारायचा, ढिली असेल ती ठोकायची आणि तसंच चालत परत यायचं. तेव्हा लाइन छोटी होती, कोळशाचं इंजिन होतं. चार मैलांची ती लाइन ते 'मपली लाइन', म्हणजे माझी लाइन, म्हणायचे. घरात कोण काय करतं याकडे त्यांचं लक्ष नसे, पण रुळाखालच्या कोणत्या मोरीजवळ बोरीचं झाड आहे आणि कुठल्या सांध्यावर गाडी कसा आवाज करते, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येई. बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. नोकरी संपली आणि नोकरीबरोबर पिंगळीचं क्वार्टरही गेलं. माझे मालक, म्हणजे सखारामचे थोरले भाऊ, परभणीला नगरपालिकेत शिपाई होते, म्हणून आम्ही परभणीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या काळी आम्हाला घर मिळणं सोपं नव्हतं. लोक आधी आडनाव विचारायचे, मग खोली कालच दिली म्हणायचे. मिळालं ते घर स्टेशनपासून लांब. तिथे गाडीचा आवाज येत नसे.

आवाज येत नाही हे पहिल्यांदा सासऱ्यांच्या लक्षात आलं. तीन-चार दिवस त्यांनी कान देऊन वाट पाहिली, मग भिंतीकडे तोंड केलं आणि बोलणं सोडलं. जेवायला उठवलं तर चार घास खायचे, पुन्हा भिंत. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, त्यांना बोलतं ठेवा. मी बोलून बघितलं. मला गोड बोलता येत नाही, मी भांडून बघितलं. भाकरी करपलेली मुद्दाम पुढे ठेवली, की निदान शिवी तरी देतील. त्यांनी ती करपलेली भाकरी खाल्ली... तेव्हा मात्र मला भीती वाटली.

सखाराम त्या वेळी बावीस वर्षांचा, मानवतला एका जिनिंगमध्ये फिटर. रोज एस.टी.ने जायचा-यायचा. एक दिवस तो येताना कापसाच्या गाठींना बांधतात त्या लोखंडी पट्टीचे भंगारातले तुकडे पोत्यात घालून घेऊन आला. मी विचारलं, हे कशाला. म्हणाला, "रूळ करायलोय." मला वाटलं दारूबिरू पिऊन आला. पण त्याने ती पट्टी छन्नीने उभी चिरली, कानशीने घासून गुळगुळीत केली. मशीनच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या आणल्या, दोन हात लांब, एक हात रुंद अशा बारा कापल्या. तुराट्या चिरून त्यांचे स्लीपर केले, त्यांना खाचा पाडून रूळ बसवले आणि लाखेने पक्के केले. मी म्हणाले, एकच मोठी फळी का करत नाहीस, हे तुकडे कशाला. तेव्हा तो जे म्हणाला ते मला अजून पटतं. "वहिनी, घर आपलं न्हाई. मालक उद्या निघा म्हनला तर निघावं लागतंय. मंग लाइन सुटी व्हायला नगं का?" म्हणून बारा सुट्या फळ्या. एकीचं टोक दुसरीला लावायचं, खालून खिळीत खिळी अडकवायची आणि सासऱ्यांच्या बाजेभोवती, विटांवर, डब्यांवर, माझ्या लोखंडी पेटीवर टेकवून पूर्ण वेढा करायचा. हाताने घासलेलं काम असल्यामुळे प्रत्येक सांधा फक्त त्याच्या जोडीदाराशीच जुळे. चौथीचं टोक सातवीला लावलं तर रूळ केसभर सरकायचे आणि तेवढ्याने गाडी पडायची.

इंजिन त्याने गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याचं केलं. चाकं दोऱ्याच्या रिळांची, कारण रिळाला कड असते. मोटार हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेल्या कुठल्याशा मोडक्या खेळण्यातली, आणि मागच्या कोळशाच्या डब्यात बॅटरीचे दोन सेल. धुराड्यात तो उदबत्ती खोचायचा. शिट्टी तोंडाने मारायचा. दोडक्याच्या जाळीला हिरवा रंग देऊन झाडं केली, आगपेट्यांचं पिंगळी स्टेशन केलं. हे सगळं तो बापाच्या पाठीमागे, बाजेला लागून बसून करत होता आणि बापाला एक शब्द सांगत नव्हता. पाच-सहा आठवडे कानशीचा आवाज, खुर्र खुर्र. सासरे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मग एका रविवारी गाडी सोडली. पहिल्याच सांध्यावर खडक् वाजलं, दुसऱ्यावर खडक्... आणि म्हातारा वळला. डाव्या हाताने बाजेची कड धरून, स्वतःचा स्वतः. गाडीने पूर्ण फेरा मारला. ते बघत राहिले. दोन महिन्यांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "मोरीपाशी बाभळ न्हाई. बोर हाय."

सखारामने लगेच झाड बदललं. मी चुलीपाशी गेले आणि विनाकारण लाकडं पुढे सारत बसले.

त्यानंतर घरात शांतता म्हणून राहिली नाही. सासऱ्यांना रोज तपासणी करायची असे. फळीचा सांधा बाजेजवळ आला की ते डाव्या हातात चमचा घेऊन रुळावर वाजवत. ठण्ण वाजलं तर ठीक. ठक् वाजलं तर सखारामला हाक, "ढिली हाय. कामाला लाग." एक फळी उचलून बाजूला करता येई, तिला आम्ही फाटक म्हणायचो, कारण त्याशिवाय मला बाजेपर्यंत जाता येत नसे. मी ताट घेऊन उभी आणि बाप-लेक गाडीकडे बघताहेत. "फाटक उघडा," मी म्हणायची. सखाराम म्हणायचा, "वहिनी, गाडी यायलीय. थांबावं लागंल." "भाकरी थंड होतीय." "रेल्वेला भाकरीचं काय." आणि सासरे जड जिभेने, हसू दाबत : "फाटकात उभं ऱ्हाऊ नका, बाई. जुर्माना हाय." मी त्या घरात जितकी उभी राहिले तितकी रेशनच्या रांगेतही राहिले नसेन. पण जेवण चार घासांवरून दीड भाकरीवर आलं होतं, तेव्हा मी उभी राहायची.

वर्षभर हे चाललं. मग घरमालक आला. माणूस वाईट नव्हता. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला खोल्या हव्या होत्या. माझ्या मालकांनी आठ दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला घर शोधलं. घरमालकीण लिंगायत, किराणा दुकानवाली, विधवा बाई होती. आडनाव ऐकून ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "स्वच्छता पायजे." एवढंच. आता हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते आणि ते कुणाला म्हणतात तेही मला माहीत होतं. मी ठरवलं, जुन्या घरात आमच्या मागे एक कण राहता कामा नये आणि नव्या घरात आमच्याबरोबर एक कण येता कामा नये. जुना झाडू जुन्या घरीच टाकायचा हे तर सगळेच करतात. मी त्याहून पुढे गेले. हलायच्या दिवशी पहाटेच उठले. चूल लिंपली, भिंतीचे खिळे काढून भोकं चुन्याने बुजवली, भांडी राखेने आणि चिंचेने घासली, बाजेवरच्या गोधड्यासुद्धा उन्हात घालायला काढल्या. आणि अंगणात सखारामने आदल्या संध्याकाळी सुट्या करून रचलेल्या बारा फळ्या दिसल्या. वर्षभराची धूळ, उदबत्तीची राख, माझ्या हातून सांडलेलं वरण. त्यावर काही खडूचे फराटे. मी काथ्या घेतला, राख घेतली, बाराही फळ्या कडेकडेने घासल्या. रुळांना धक्का लागू दिला नाही. झाडंसुद्धा साबणाच्या पाण्याने पुसली. फळ्या अशा चकचकीत झाल्या की मलाच बरं वाटलं.

सखाराम उठून आला. फळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"वहिनी, आकडे कुठं गेले?"

"कसले आकडे?"

"कोनची फळी कोनच्या फळीला लावायची त्याचे. खडूनं मांडले होते काल."

तो उकिडवा बसला, एक फळी हातात घेऊन फिरवली. "पिंगळी धुतली तुमी," तो म्हणाला. "अख्खी पिंगळी धुऊन वाळत घातली." तोंडावर हसू होतं की नव्हतं, ते मी बघितलं नाही, माझी मान खाली होती. मी घासले याचं मला आजही काही वाटत नाही. त्या दिवशी जे घासायचं ते घासायलाच पाहिजे होतं. पण फळ्या त्यात यायला नको होत्या, एवढं खरं.

सामान हातगाडीवर गेलं. फळ्या माझ्या लुगड्यांत गुंडाळून सखारामने स्वतः दोन खेपांत नेल्या. सासऱ्यांना चार माणसांनी बाजेसकट उचलून नेलं. रस्त्याने ते डोळे मिटून होते. नव्या घरी आम्ही आधी बुद्धवंदना घेतली, मी खीर केली. सासऱ्यांनी खीर तोंडात धरली आणि तशीच ओघळू दिली. भिंतीकडे तोंड. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. आणि या वेळी ते माझ्या हाताने झालंय. सखाराम फळ्या मांडायला बसला. एक लावली, जुळेना. दुसरी लावली, रूळ सरकले. मला ऐकू येईल अशा आवाजात, खरं तर सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मला याद न्हाई. माझ्यानं व्हायचं न्हाई आता. जाऊ द्या, जळनाला घ्या ह्या." मी म्हणाले, तूच केल्यास आणि तुलाच आठवत नाही? "बारा सांधे हायेत वहिनी. कुनाला याद ऱ्हाईल?" दोन दिवस फळ्या कोपऱ्यात रचून पडल्या. दोन दिवस सासऱ्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी त्या दोन दिवसांत किती वेळा त्या फळ्यांपाशी जाऊन उभी राहिले. वरण कुठे सांडलं होतं ते आठवून एखादी जोडी लागते का बघत होते. पण वरणाचे डागही मीच काढून टाकले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सखाराम पुन्हा फळ्या घेऊन बसला. बाजेला अगदी लागून. एक फळी दुसरीला लावली, तोंडाने चक् केलं, काढली. पुन्हा दुसरी लावली, पुन्हा चक्. असं सात-आठ वेळा झालं असेल. आणि भिंतीकडून आवाज आला, "ती न्हवं."

सखारामने मान वर केली नाही. "मंग कोनची?"

"गाढवा, मोरीच्या फुडं बोर येती. बोर कुटं हाय?"

म्हातारा वळला. मला म्हणाले, "चमचा द्या." मी धावत गेले म्हणणार नाही, पण चुलीवरचं दूध तसंच टाकून गेले. मग त्यांनी एकेक फळी मागायला सुरुवात केली. "टोक इकडं कर." सखाराम फळीचं टोक त्यांच्या डाव्या हाताजवळ न्यायचा. ते आधी अंगठा टोकावरून हळूच फिरवायचे, डोळे मिटून, जसं दाणे मोजतात तसं. मग चमच्याने रुळावर वाजवायचे. मग कान देऊन ऐकायचे. मग निकाल : "ही विहिरीची. हिच्या फुडं सिग्नल." सखाराम त्या वेळी तोंड दाराकडे करून उगीच कानस घासत बसला होता. मला वाटलं, बापाला येतं ते आपल्याला येत नाही याची लाज वाटत असेल. मधेच सासऱ्यांनी एक फळी चुकीची सांगितली, ती जुळेना, तर उलट सखारामलाच शिव्या दिल्या की तू सांधा बिघडवलास. मग स्वतःच दुसरी मागून घेतली. दुपारपर्यंत बाराच्या बारा लागल्या. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि परवाची खीर कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, खीर दोन दिवस राहत नाही. "मंग नवी करा," म्हणाले.

पण भांडण पुढेच होतं. जुन्या घरात दार पूर्वेला, इथे पश्चिमेला. त्यामुळे फाटकाची फळी दाराच्या विरुद्ध बाजूला, भिंतीशी गेली. मी म्हणाले, फाटक इकडे घ्या, नाहीतर मी ताट घेऊन येऊ कुठून. सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची पेन्शन मागितली. "फाटक काय रेल्वेनं तुमच्या सोयीनं बसवलंय?" मी म्हणाले, मग मी उडी मारत येऊ का. सखाराम म्हणाला, "वहिनी, बाज फिरवू." म्हणजे लाइन तशीच ठेवून, बाजेसकट सगळा वेढाच फिरवायचा. फिरवला. फाटक दारासमोर आलं, पण सासऱ्यांचं डोकं आलं उत्तरेला. नेमक्या तेव्हाच घरमालकीण बघायला आली, आम्ही घर कसं ठेवलंय ते. दारातच थांबली. "उत्तरेला डोकं? आवो, तसं मेल्यावर करतेत." सासरे चमचा उगारून म्हणाले, "मेल्यावर कुटंबी करा. आता लाइन सरळ पायजे."

ती आली होती स्वच्छता तपासायला. तिने कोपरे बघितले, चूल बघितली, मग खाली बघितलं तर उदबत्तीचा धूर सोडत गाडी तिच्या पायाजवळून गेली. ती फाटकापाशी उभी होती. सखाराम म्हणाला, "मावशी, गाडी जाऊ द्या." आणि ती बाई थांबली. मग दुसरा फेरा, मग तिसरा. मग खाली बसली. थोड्या वेळाने विचारलं, "ही परळीला जाती का? मला वैजनाथाला जायाचं हाय." सासरे म्हणाले, "परळीची लाइन मपली न्हवं. तिकडल्या चाबीवाल्याला विचारा." ती इतकी हसली की पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा टाका की." मी टाकला. तिने तो आमच्या कपातून पिला, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. आजूबाजूच्या बायकांनी दारातून बघितलं. त्या आळीत आम्ही अकरा वर्षं राहिलो आणि स्वच्छतेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. तेवढ्यापुरतं मी फळ्या धुतल्याचं पाप फिटलं, असं मी समजत होते.

सखाराम मात्र फिटू देईना. त्याला ती गोष्ट सापडली ती जन्मभरासाठी. त्याचं लग्न झालं, नवी नवरी दारात, तर तिला पहिली ओळख काय करून दिली? "ह्या माझ्या वहिनी. ह्यांनी पिंगळी धुतली." माझ्या मुलीच्या सोयरिकीला पाहुणे बसलेले, तर म्हणे, "मुलगी आईसारखी स्वच्छ हाय, टेशनं धुती." मी चिडायची, तो हसायचा. सासरे होते तोपर्यंत तेही चमचा वाजवून साथ द्यायचे. ते त्यानंतर चार वर्षं जगले, आणि डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. लाइन बाजेभोवतीच होती. गेले तेव्हा गाडी फिरत होती असं सांगायला छान वाटेल, पण तसं नव्हतं. सेल संपले होते आणि सखाराम नवे आणायला गेला होता. डोकं उत्तरेलाच होतं, तेवढं मात्र सोयीचं झालं.

पुढे सखाराम मानवतला राहायला गेला. त्याच्याबरोबर लाइनही गेली. तिथेही त्याने तीन घरं बदलली, दर वेळी फळ्या लुगड्यांत गुंडाळून. दर घरात एखादी कमी होत गेली. दोन वाळवीने खाल्ल्या, एकीचा पाट झाला. एक फळी त्याने मला दिली, पिंगळी स्टेशनच्या जवळची. तिच्यावरची आगपेटीची खोली केव्हाच गेली, रूळ मात्र आहेत. मी ती स्वयंपाकघरात पेटीवर ठेवली आणि तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते. रूळ असल्यामुळे बरण्यांखाली हवा राहते, तळ ओला होत नाही. दिवाळीत सखाराम आला होता, तीच शेवटची भेट. बरण्या बघून म्हणाला, "वहिनी, टेशनावर लय गर्दी हाय आज." मग माझ्या नातसुनेला बसवून धुतलेल्या पिंगळीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मी म्हणाले, पन्नास वर्षं झाली, आता पुरे. तो जायला उठला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, "त्या फळीकडं कधी नीट बगितलं का वहिनी?" मी म्हणाले, "रोज पुसते." तो हसत गेला... मला वाटलं, नेहमीचं हसणं.

गेल्या आठवड्यात मिलिंद आला. बापाच्या खोलीतून निघालेली एक फळी घेऊन. "मोठीआई, एवढीच राहिली होती. आई म्हणाली, जोडीला तुमच्याकडे दे." मी बरण्या खाली उतरवल्या, माझी फळी पुसली आणि शेजारी त्याची ठेवली, बसते का बघावं म्हणून. माझ्या फळीच्या एका टोकाला करवतीच्या पाच खाचा आहेत, दुसऱ्या टोकाला चार. इतकी वर्षं मी त्या पुसतेय. मला वाटायचं करवत घसरली असेल. मिलिंदच्या फळीच्या एका टोकाला सहा खाचा होत्या. दुसऱ्या टोकाला पाच. मी पाचाला पाच लावल्या. रूळ असे जुळले की मधे नखसुद्धा जाईना.

म्हणजे खडूचे आकडे हे वरवरचे होते. खरे आकडे त्याने लाकडात कापले होते, पहिल्या दिवसापासून. फिटर माणूस, तो काय खडूवर विसंबणार होता? आणि दोन दिवस तो "याद न्हाई" म्हणून बसला. बापाच्या कानाशी फळ्या चुकीच्या लावत, चक् चक् करत. मी कोपऱ्यात मान खाली घालून... मिलिंद विचारत होता, मोठीआई काय झालं. मी हसत होते, इतकी की मला खुर्ची धरावी लागली. मग हसता हसता दुसरं आठवलं. म्हाताऱ्याचा तो अंगठा. "टोक इकडं कर." डोळे मिटून, दाणे मोजल्यासारखा. धुक्यातसुद्धा रुळाची केसाएवढी चीर हाताने ओळखणारा माणूस तो. त्याला खाचा लागल्या नसतील? मग चमचा कशाला वाजवत होता? मधेच एक फळी चुकीची का सांगितली? मुलाला वाटावं म्हणून की मुलगा जे नाटक करतोय ते बापाला कळलेलं नाही. दोघांनी एकमेकांना फसवलं आणि दोघांनी मिळून मला. आणि दोघांतल्या एकालाही आता दोन शब्द सुनावता येत नाहीत.

मिलिंद गेल्यावर मी चमचा घेतला आणि सांध्यावर वाजवला. ठण्ण वाजला. घट्ट आहे. मग बरण्या परत दोन्ही फळ्यांवर मांडल्या, कैरीची, लिंबाची, करवंदाची. फक्त सांध्याजवळची जागा मोकळी ठेवली. फाटक आहे तिथे, गाडी यायची असेल. सकाळी फळ्या पुसते तेव्हा आता खाचांतूनही फडकं फिरवते, अंगठ्याने. पाच भरतात. कितीही घासल्या तरी पाचच.